बैल असा चालतो का? – खेळातले पात्र आणि त्याचे सांधे



साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर कॉम्प्युटर-गेमच्या कारागिराला बोलवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी विचारले, ‘माझ्या कामाचा साहित्याशी काय संबंध?’ पलीकडून उत्तर आले, ‘आमच्या घरची पोरं दिवसभर तेच बघतात. ते कसं बनतं एवढं तरी आम्हाला कळू द्या.’ हे उत्तर मला पटले. म्हणून आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे : खेळातले एक सपाट, चित्रातले पात्र चालते कसे?

सुरुवात घरापासून करतो. सौंसरजवळच्या एका खेड्यात आमची थोडी संत्र्याची बाग आणि कोरडवाहू शेती. मी नागपूरला नोकरीला लागलो तेव्हा वडिलांना माझे काम काही केल्या कळेना. शेजारी विचारत, ‘पोरगा काय करते?’ बाबा म्हणत, ‘चित्रं हालवते.’ त्यात थोडी नाराजी असे. पण त्यांचे दोन शब्द अगदी बरोबर होते. मी चित्रेच हलवतो.

एका पोळ्याला मी घरी आलो, तेव्हा एका खेळाचे काम सोबत होते. बैलजोडी घेऊन शेतकरी बाजाराला निघाला आहे, एवढाच प्रसंग. झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगे, गळ्यात घुंगरमाळ, सगळे मन लावून काढले होते. बाबांना कौतुकाने दाखवले. त्यांनी चष्मा लावला, क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘हा बैल लंगडते काय रे?’

मी म्हटले, ‘नाही बाबा, चालतो आहे.’

‘बैल असा चालते का कुठं?’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी माझा धंदा शिकलो, असे म्हटले तर खोटे होणार नाही. ते उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी जुनी रीत सांगतो. हलते चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे, हे आपल्याला माहीत आहे. सिनेमात सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून जातात. हाताने काढायची झाली तर एकेक चित्र दोनदा दाखवून सेकंदाला 12 वर भागवतात. सावकाश चालणारा माणूस एका पावलाला साधारण अर्धा सेकंद घेतो. म्हणजे डावे-उजवे मिळून एक पूर्ण चाल झाली की 12 चित्रे. खेळातले पात्र चालते, धावते, उडी मारते, वाकते, बसते, पडते. अशा दहा हालचाली धरल्या तर सव्वाशेच्या आसपास चित्रे झाली. आणि मग कोणी म्हणाले की शेतकऱ्याच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा हवा, तर सव्वाशे फेटे काढा.

दुसरी रीत अशी, की माणूस एकदाच काढायचा, पण तुकड्यांत. डोके, धड आणि कंबर हे तीन तुकडे. दंड, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि पंजा, असे दोन्ही हातांचे सहा. मांडी, पोटरी आणि पाऊल, असे दोन्ही पायांचे सहा. एकूण 15 तुकडे आणि त्यांना जोडणारे 14 सांधे. नंतर तुकडे पुन्हा काढायचे नाहीत, फक्त सांध्यात फिरवायचे. फेटा हवा असेल तर एकच फेटा काढून डोक्याला जोडा. तो पात्राबरोबर धावेल, पडेल आणि उठेलसुद्धा.

ही रीत कॉम्प्युटरने आणली असे समजू नका. आपल्या देशात ती फार जुनी आहे. आंध्रातल्या तोलु बोम्मलाट्ट या छायाखेळातल्या चामड्याच्या मोठ्या बाहुल्यांना खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा इथे सांधे असतात. याउलट ओडिशातल्या रावणछाया या खेळातली बाहुली एकसंध असते, तिला एकही सांधा नाही. राजस्थानच्या कठपुतळीला पायच नसतात, घोळदार झग्यात सगळे झाकले जाते. कर्नाटकातल्या गोंबेयाट्टमध्ये मात्र पायांनाही सांधे आहेत आणि पाच ते सात दोऱ्यांनी ती बाहुली नाचवतात. म्हणजे सांधा कुठे द्यायचा आणि कुठे टाळायचा, याचा विचार या कारागिरांनी आपापल्या परीने केव्हाच करून ठेवला होता.

आपल्या मराठी मुलुखात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी याच गावात आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय उभे केले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांचे 1843 सालचे ‘सीता स्वयंवर’ सर्वांना ठाऊक असते. पण भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून जपल्या, हे कमी जणांना माहीत असते. आपण नाटकात ज्याला सूत्रधार म्हणतो, तो मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा, असेही काही विद्वानांचे मत आहे.

बाहुली पडद्यावर आली तेव्हाही मराठी माणूस फार मागे नव्हता. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ देणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी लवकरच ‘आगकाड्यांची मौज’ नावाचे एक चित्र केले. त्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलताना दिसत. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. 1917 साली अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी पुठ्ठ्याच्या सांधेदार आकृत्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. पुढे जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या पुठ्ठ्याचे आणि शिशाच्या पातळ पत्र्याचे तुकडे तारेने जोडून, खालून उजेड सोडून, राजपुत्र अख्मेदची गोष्ट केली. तीन वर्षे खपून 1926 साली ती पूर्ण झाली. आज मी कॉम्प्युटरवर करतो ते काम जातीने हेच आहे. तार गेली, तिच्या जागी आकडा आला.

आता सांध्याकडे येऊ. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. तो कागदावरचा हात कोपरापाशी सरळ कापतो. हात सरळ आहे तोवर सगळे ठीक. हात वाकवला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला फट पडते आणि आतल्या बाजूला कोपरे एकमेकांवर चढतात. उपाय साधा आहे. दंडाचे खालचे टोक गोल करायचे आणि पुढच्या हाताचे वरचे टोकही तेवढ्याच व्यासाचे गोल करायचे. एक गोल दुसऱ्या गोलावर नेमका ठेवायचा आणि फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या मध्यावर धरायचा. मग हात कसाही वाकवा, बाहेरची रेघ तुटत नाही. बिंदू गोलाच्या मध्यावरून थोडा जरी सरकला, तरी वाकताना हात दंडापासून निखळल्यासारखा दिसतो. झाकलेला भागही काढावा लागतो, तो कोणाला दिसणार नसला तरी. सदऱ्याची बाही दंडावर येते म्हणून तिच्याखालचा दंड काढला नाही, तर हात वर करताच तिथे पोकळी दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे नाते. प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी आश्रयाला असतो. पंजा मनगटाच्या हाताला, तो हात दंडाला, दंड धडाला, धड कंबरेला. कंबर हे मूळ. दंड फिरला की खालचे सगळे त्याच्यासोबत जाते, पण पंजा हलला म्हणून दंड हलत नाही. आपल्या एकत्र कुटुंबातल्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. कंबर दोन बोटे खाली केली की सगळा माणूस दोन बोटे खाली येतो. चालताना प्रत्येक पावलाला आपली कंबर किंचित वर-खाली होत असते. ती स्थिर ठेवून नुसते हातपाय हलवले, तर पात्र भिंतीला टांगल्यासारखे दिसते.

तिसरी गोष्ट मधल्या जागांची. कारागीर महत्त्वाच्या मुद्रा तेवढ्या मांडतो : पाऊल टेकले, भार आला, दुसरा पाय पुढे गेला, तो टेकला. दोन मुद्रांमधल्या जागा कॉम्प्युटर भरतो. पण त्याला सांगितले नाही तर तो सारख्या वेगाने भरतो, घड्याळाच्या काट्यासारखा. जिवंत अंग तसे हलत नाही. झोका आठवा. टोकाशी तो रेंगाळतो आणि मध्यावर वेग घेतो. हात, पाय, मान, सगळ्यांत हा झोका थोडाफार असतो. सुरुवात सावकाश, मध्ये वेग, शेवटी पुन्हा सावकाश, असे प्रत्येक सांध्याला निराळे सांगावे लागते.

चौथी अडचण पायाची. खांद्यापासून खाली हात फिरवत जाणे सोपे असते. पाय मात्र जमिनीवर टेकलेला असतो. मांडी फिरवली की पाऊल सरकते आणि माणूस तेलावर चालल्यासारखा घसरतो. म्हणून पायाचा हिशेब उलटा करतात. पाऊल इथे रोवले, कंबर तिथे आहे, आता मधला गुडघा कुठे असेल ते तूच काढ, असे कॉम्प्युटरला सांगतात. यात गूढ काही नाही. मांडीची लांबी माहीत, पोटरीची माहीत, कंबर आणि घोटा यांतले अंतर माहीत. तीन बाजू कळल्या की त्रिकोण ठरला. आपली मुले अकरावी-बारावीत जो कोसाइनचा नियम घोकतात, तोच इथे लागतो. फक्त उत्तरे दोन येतात, गुडघा पुढे किंवा गुडघा मागे. कोणते घ्यायचे ते माणसाने सांगायचे.

माझा बैल नेमका इथे फसला होता. मी त्याला माणसासारखे गुडघे दिले होते. बैलाच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, तो त्याचा गुडघा नव्हे, ती त्याची टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट. हे मला पुस्तकातून कळले. पण पाय कोणत्या क्रमाने पडतात, ते बाबांनी सांगितले.

ते मला गोठ्यात घेऊन गेले, बैल सोडला आणि कासरा धरून अंगणातल्या ओल्या मातीतून चालवला. म्हणाले, ‘पायाकडं नको पाहू, मातीकडं पाहा. पुढच्या खुराची खूण पडते ना, तिच्याजवळच मागचा खूर येते. मागचा डावा पडला का मंग पुढचा डावा उचलून पडते. मंग मागचा उजवा, मंग पुढचा उजवा.’ चार पाय, चार ठोके, एकामागून एक. मी मात्र समोरासमोरचे, तिरपे पाय एकदम उचलले होते. ती दुडकी चाल झाली. घोडा किंवा बैल दुडक्या चालीने पळतो तेव्हा तिरपी जोडी सोबत उचलते. चालताना तसे होत नाही. म्हणून माझा बैल पायांनी पळत होता आणि वेगाने चालत होता. बाबांना तो लंगडा वाटला, यात त्यांची काय चूक?

त्या रात्री मी सगळे पाय पुन्हा बसवले. चार पायांचे प्रत्येकी तीन, म्हणजे 12 तुकडे. धड, मान, डोके आणि शेपटी मिळून 16. वशिंड आणि गळ्याखालचे लोंबते कातडे निराळे काढले आणि धडाच्या हालचालीनंतर क्षणभर उशिराने हलतील असे केले, कारण लोंबती वस्तू नेहमी मागे राहते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. पोरे लाकडी नंदी सजवून दारोदार फिरत होती. तो नंदी चाकांवर असतो, त्याला एकही सांधा नाही, तरी दोरी धरणाऱ्या पोराला तो खरा बैलच असतो. पोरे गेल्यावर बाबांना नवा बैल दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘आता बाजारात न्यायला हरकत नाही.’

आणखी एक चूक मावशीने काढली. खेळात पात्र उजवीकडे जाते आणि डावीकडेही. दुसऱ्या बाजूची चित्रे वेगळी काढायचे कष्ट वाचवायला कारागीर सरळ आरशातले प्रतिबिंब वापरतात. मी डोक्यावर पाटी घेतलेली, लुगडे नेसलेली म्हातारी अशीच उलटवली. मावशी म्हणाली, ‘ही येताना आपल्यातली हाय अन् जाताना कोन हाय?’ उलटताना पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला होता. पडद्याआड बसणाऱ्या माझ्यासारख्या कोणाच्या हे ध्यानात आले नव्हते. त्या पात्राचा धड-तुकडा मी दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र काढला.

या गोष्टी मी गंमत म्हणून सांगत नाही. आज बाजारात तयार चाली विकत मिळतात. चालणे, धावणे, उडी, सगळे बांधून ठेवलेले असते. आपले पात्र त्या सांगाड्यावर चढवले की काम झाले. वेळ वाचतो, आणि घाईच्या कामात मीही ते वापरतो. पण मग सगळी पात्रे एकाच माणसासारखी चालतात. खांद्यावर फवारणीचा पंप घेतलेला शेतकरी, संत्र्याचे कॅरेट उचलणारी बाई आणि परदेशातल्या रस्त्यावर सकाळी धावणारा तरुण, तिघांची चाल एक. आपली मुले हीच चाल दिवसाचे दोन-तीन तास बघतात. गोष्टीत पांढुर्ण्याचे नाव घातले, पात्राला धोतर नेसवले, तरी पाय कोणा दुसऱ्याचेच राहतात.

आपण सीमेवरची माणसे. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, त्यात आपले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके आले. शाळेत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्ही. आपण भाषा जपण्याच्या गोष्टी करतो तेव्हा शब्दांचा विचार करतो. पण कासरा धरण्याची रीत, पदर सावरण्याची लकब, उकिडवे बसून उठताना गुडघ्यावर ठेवलेला हात, हेही आपण लेकरांना देत असतो. ते पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. चित्रात मात्र ठेवता येते, आणि ते कसे ठेवायचे ते आता तुम्हाला ठाऊक झाले आहे.

सभेनंतर पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात : पोराला या कोर्सला घालू का? फी मोठी असते, जाहिराती त्याहून मोठ्या. माझे उत्तर असे आहे. फी भरण्याआधी घरातली जुनी लग्नपत्रिका घ्या. तिच्या जाड कागदातून मुलाला एक माणूस 15 तुकड्यांत कापू द्या. टोके गोल ठेवायला सांगा. सांध्यातून सुईदोरा ओवून दोन्ही बाजूंनी गाठ मारा. जमिनीवर चादर अंथरून त्यावर तो माणूस निजवा, दोन स्टुलांवर फळी टाकून तिच्या कडेवर मोबाइल ठेवा. थोडे हलवा, फोटो घ्या, पुन्हा हलवा. 12 फोटोंचा एक सेकंद होतो. दोन आठवडे मूल स्वतःहून त्यात रमले, आपल्या आजोबांना चालायला सांगून त्यांच्या पायांकडे पाहू लागले, तर त्याला पुढे जाऊ द्या. पुढची साधनेही महाग नाहीत. ब्लेंडर आणि गोडो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहेत, दोन्हींत हाडांचा सांगाडा बसवता येतो. आणि मूल चार दिवसांत कंटाळले, तर तुमची एक लग्नपत्रिका गेली.

शेवटी एक घरचीच गोष्ट सांगून थांबतो. फार वर्षांपूर्वी बाबा संत्र्याच्या झाडाच्या शिडीवरून पडले आणि त्यांचा डावा कोपर नीट बसलाच नाही. तो हात पुरा सरळ होत नसे. मागच्या वर्षी एका खेळासाठी मला म्हातारा शेतकरी करायचा होता. मी त्याच्या डाव्या कोपराचा सांधा एका कोनात अडकवून ठेवला आणि बाकीचे 13 मोकळे सोडले. मग एकेक अडचण दिसू लागली. तो कोपर वाकत नाही म्हणून वाकायला खांदा पुढे आणावा लागतो. खांदा पुढे आला की कंबर वळते. कंबर वळली की उजवे पाऊल जरा बाहेर पडते. मी हे मुद्दाम केले नाही. एक सांधा अडला आणि त्याचे काम बाकीच्यांनी वाटून घेतले.

तो म्हातारा बैलाच्या शेजारून चालू लागला तेव्हा बाबा समोर बसले होते. त्यांना काही वेगळे दिसले नाही. बैलाचे पाय बरोबर पडतात एवढे त्यांनी तपासले. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, उभ्यानेच पाहिले आणि म्हणाली, ‘अवं, हे त तुमचंच चालणं हाय.’

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘पुन्हा लाव बरं.’